पर्यायी मार्ग उपलब्ध आहे

काटेवाला : साहेब, उतरा आणि परत चढा. या वेळी भिंतीला हात लावू नका.

साहेब : मी हात लावला नव्हता. तोल गेला.

मावशी : तुमचा तोल गेला तर भिंत जाईल, साहेब. सरळ उभे राहा. माझी खोकी बघा कशी गुमान उभी राहिली काट्यावर.

साहेब : या बाई कोण आहेत? प्रवाशांचं वजन होत असताना या इथं काय करतायत?

काटेवाला : या मावशी. बंदरावर खेकड्यांची शेड आहे त्यांची, चौदा बायका कामाला आहेत. ही सहा खोकी त्यांचीच. आज तुमच्याच विमानानं शहरात जायचीत. नऊ सीटचं विमान, साहेब. माणूस असो की खेकडा, सगळ्यांना याच काट्यावर चढावं लागतं.

मावशी : फरक एवढाच, खेकड्यांच्या नांग्या आम्ही बांधून आणतो. माणसांची तोंडं मोकळी असतात.

काटेवाला : एकशे सात.

साहेब : काय एकशे सात?

काटेवाला : किलो, साहेब. तिकिटावर तुम्ही पंच्याऐंशी लिहिलंत.

साहेब : पंच्याऐंशी हे माझं अधिकृत वजन आहे. सेवापुस्तकात नोंद आहे.

मावशी : नोकरीला लागलात त्या दिवशीची. त्यानंतर पुस्तक तेवढंच राहिलं.

काटेवाला : मावशी, जरा गप्प बसा ना. साहेब, आता बॅग. सात लिहिलीत. भरली एकोणतीस.

साहेब : तिच्यात कपडे फारसे नाहीत. अहवाल आहे. चाळीस प्रती. उद्या अकरा वाजता समितीपुढे ठेवायचा आहे.

काटेवाला : तुमचे बावीस जास्त, बॅगेचे बावीस जास्त. चव्वेचाळीस. मी कॅप्टनना विचारून आलो. ते म्हणाले, धावपट्टी आखूड, वर ऊन हे असलं. चव्वेचाळीस किलो खाली आल्याशिवाय मी पंखा फिरवणार नाही.

मावशी : माझं एक खोकं किती रे?

काटेवाला : बावीस.

मावशी : म्हणजे साहेबांची थाप बरोब्बर दोन खोक्यांची निघाली.

साहेब : हे पाहा, वाद नको. माझी सीट शासकीय कोट्यातली आहे. माझा अग्रक्रम पहिला. दोन खोकी उतरवा. परवा पाठवा.

मावशी : परवा? खेकडा पाण्याबाहेर ओल्या गोणपाटात एक दिवस काढतो. दुसऱ्या दिवशी वास काढतो.

साहेब : मग उद्या पाठवा.

काटेवाला : उद्या विमान नाही, साहेब.

साहेब : का नाही?

काटेवाला : आधी रोज होतं. गेल्या वर्षी तुमच्याच खात्याचा एक अहवाल आला. तेव्हापासून आठवड्यातून तीनच दिवस.

साहेब : तो... हो. तो माझ्याच हाताखाली झाला होता.

मावशी : अगं बाई! म्हणजे जुनी ओळख निघाली. कागद उद्या मरतात का, साहेब?

साहेब : काय?

मावशी : नाही, विचारलं. बॅग ठेवून जा, परवा येईल. कागदाला गोणपाट ओलं करायची गरज नाही.

साहेब : बॅग माझ्याबरोबरच जाणार. ते दस्तऐवज आहेत. आणि आता बोलतच आहात तर माझं एक काम करा. माझे पन्नास फॉर्म भरायचे होते, एकोणपन्नास झाले. 'विमानसेवेचे आर्थिक व सामाजिक लाभ : नागरिकांचे मत.' पन्नासाव्या तुम्ही व्हा.

मावशी : माझी खोकी उतरवणार आणि वर मलाच फायदे विचारणार?

काटेवाला : भरा हो मावशी. कॅप्टन अजून चहा पितायत. अर्धा तास आहे.

साहेब : प्रश्न पहिला. विमानसेवेमुळे आपल्या उत्पन्नात झालेली वाढ. अत्यल्प, मध्यम, लक्षणीय. यांपैकी एकावर खूण.

मावशी : पूर्वी व्यापारी सकाळी दारात यायचा आणि खेकड्यांकडे न बघता माझ्या घड्याळाकडे बघत बसायचा. त्याला ठाऊक होतं, संध्याकाळपर्यंत थांबलं की ही बाई मिळेल त्या भावाला देणार. माल मरायला लागला की बाई नरम पडते. आता तोच सकाळी सातला येतो आणि मला 'ताई' म्हणतो. कारण साडेबाराला विमान आहे आणि माझा खेकडा दुपारी तीनला शहरातल्या हॉटेलच्या टाकीत पोहतो. याची खूण कुठं करू?

साहेब : ...लक्षणीय.

मावशी : 'ताई' लिहा.

साहेब : फॉर्ममध्ये तेवढी जागा नाही. प्रश्न दुसरा. आरोग्यसुविधा.

मावशी : मंगळवारी डोळ्यांची डॉक्टरीण उतरते, गुरुवारी हाडांचा. या आधी गावात डॉक्टर एकच. माणसांचाही तोच, जनावरांचाही तोच. गोळीच्या आकारावरून ओळखायचं, त्यानं आज आपल्याला काय समजलंय.

काटेवाला : माझ्या आजोबांना एकदा बैलाचं इंजेक्शन दिलं होतं. पण लागू पडलं, खोटं कशाला बोला.

साहेब : प्रश्न तिसरा. कौटुंबिक संबंधांवरील परिणाम.

मावशी : तोटा झाला.

साहेब : तोटा? हा पहिलाच तोटा सांगितलात. थांबा, नीट लिहून घेतो.

मावशी : थोरला मुलगा शहरात असतो. पूर्वी तीन वर्षांतून एकदा यायचा. तो येणार म्हटलं की महिनाभर आधीपासून मला झोप नसायची. आता दर महिन्याला येतो. येतो, फ्रीज उघडतो, 'काहीच नाही' म्हणतो, फ्रीज बंद करतो. पाच मिनिटांनी परत उघडतो. मागच्या खेपेला मीच म्हटलं, विमानाची वेळ झाली का रे तुझ्या?

काटेवाला : माझंही लिहा, साहेब. माझं लग्न या विमानामुळे झालं. बँकेत बदली होऊन आली होती ती. परत जायला निघाली तेव्हा सामान जास्त भरलं. मी म्हणालो, राहू द्या ना इथंच.

मावशी : हा सामानाबद्दल म्हणाला होता. तिला वाटलं तिच्याबद्दल. बिचारी राहिली.

साहेब : आपण विषयावर येऊ. बॅगेतून मला जरा कोरा कागद... अहो, तुम्ही काय वाचताय? ठेवा ते!

काटेवाला : बॅग उघडी होती, साहेब. वरचीच प्रत दिसली. मावशी...

मावशी : काय रे? तोंड का उतरलं तुझं?

काटेवाला : 'निष्कर्ष. सदर मार्गावर प्रत्येक फेरीत सरासरी पाच पूर्णांक दोन प्रवासी. पर्यायी मार्ग उपलब्ध आहे : रस्त्याने नऊ तास. सबब विमानसेवा बंद करण्याची शिफारस करण्यात येत आहे.'

मावशी : परत वाच. 'सबब'पासून.

काटेवाला : बंद करतायत, मावशी. आपलं विमान बंद करतायत.

साहेब : शिफारस आहे ती. निर्णय समितीचा.

मावशी : आणि मग हे पन्नास फॉर्म?

साहेब : परिशिष्टात जोडले जातात.

मावशी : म्हणजे निकाल आधी लागला आणि साक्षीदार मागाहून बोलावले. छान आहे. ते पाच पूर्णांक दोन म्हणजे काय? पाच माणसं आणि एक पाय?

साहेब : सरासरी असते ती. विमान नऊ सीटचं, आणि चार रिकाम्या जातात. एवढा खर्च शासनानं कशासाठी सोसायचा?

काटेवाला : रिकाम्या जात नाहीत, साहेब! त्या सीटा मी स्वतः काढतो. पान्यानं. तिथं खोकी बसतात. येताना त्याच जागी औषधं येतात, कोंबड्यांच्या लसी येतात, आणि जाळ्यांचे सुटे भाग येतात.

साहेब : असतील. पण रकान्याचं शीर्षक 'प्रवासी' असं आहे. खेकडा प्रवासी नाही.

मावशी : आत्ता तर त्याला तुमच्याच रांगेत उभं केलं होतं!

साहेब : बाई, मी नियम बनवत नाही.

मावशी : बरं, ते नऊ तास कुणी मोजले?

साहेब : नकाशावरून. अंतर भागिले वेग.

मावशी : नकाशाला पंक्चर होतं का?

साहेब : हे पाहा...

मावशी : नकाशाला घाटात उलटी होते का? तुम्ही गेलायत कधी त्या रस्त्यानं?

साहेब : मी... वेळेअभावी विमानाने आलो.

मावशी : ऐकलंस का रे? विमानात बसून आले, विमान नको असं लिहिलं, आणि आता विमानानं सांगायला चाललेत. वर माझेच खेकडे उतरवून!

काटेवाला : साहेब, एक सांगू? त्या रस्त्यानं मावशींचे यजमान वीस वर्षं खेकडे न्यायचे. जीप होती. एक दिवस घाटात...

मावशी : तू कशाला सांगतोस? माझा नवरा आहे, मी सांगते. झोप लागली त्याला. दोन रात्री जाळ्यावर होता, तिसऱ्या दिवशी गाडीवर. वळण होतं तिथं तो वळला नाही. लोक म्हणतात रस्ता वाईट. रस्ता वाईट होताच, पण नवराही गाडी वाईटच चालवायचा. मी शेजारी बसले की सगळा प्रवास मुठी आवळून. खालून माणसं त्याला वर घेऊन आली. जीप नीट निघाली. जीपला काही झालं नाही, हरामखोर.

साहेब : मला माहीत नव्हतं. माफ करा.

मावशी : तुमच्या रकान्यात बसत नाही ना, मग माहीत कसं असेल? ते असू दे. दोन वर्षांनी विमान सुरू झालं. पहिल्या दिवशी मी खोकी घेऊन आले आणि या काट्यावर ठेवून परत घरी गेले. दुपारी जेवले आणि झोपले. माल जातोय आणि मी झोपलेय, असं आयुष्यात पहिल्यांदा.

काटेवाला : साहेब, कॅप्टन हात करतायत. काय उतरवू?

मावशी : उतरव दोन खोकी. साहेबांचा अग्रक्रम आहे. लेक बाहेर जीपमध्ये बसलीय, ती नेईल रस्त्यानं. नऊच तर तास आहेत. रात्री साडेनऊला हॉटेलच्या दारात.

साहेब : टोमणा कळला मला.

मावशी : टोमणा कसला? तुमच्या अहवालात छापलंय. चाळीस प्रती.

साहेब : नऊ तास म्हणजे नऊ तास, बाई. तेवीस वर्षं हे काम करतोय मी. थांबे धरून फार तर दहा.

मावशी : अठरा.

साहेब : अशक्य.

मावशी : आणि खोक्यातल्या चाळीस खेकड्यांपैकी वीससुद्धा जिवंत उतरायचे नाहीत.

साहेब : अतिशयोक्ती. तुमच्यासारख्या लाभार्थींची हीच तऱ्हा असते, काहीही वाढवून सांगायचं.

मावशी : ज्यानं पंच्याऐंशी लिहिलं, तो माणूस हे मला सांगतोय.

काटेवाला : मावशी!

साहेब : ठीक आहे. ठीक आहे! माझी बॅग काढा काट्यावरून.

काटेवाला : ठेवून जाताय?

साहेब : नाही. घेऊन जातोय. रस्त्यानं. तुमची लेक गाडी व्यवस्थित चालवते ना?

मावशी : बापाकडूनच शिकली. पण झोपत नाही. आणि बोलतही नाही.

साहेब : उत्तम. मला शांतताच हवी आहे. रात्री साडेदहाला शहरात पोचून मी तुम्हाला फोन करीन आणि वेळ सांगीन. अहवालातला आकडा म्हणजे आकडा.

काटेवाला : साहेब, तुमची सीट? एकशे सात किलो मोकळे झाले. आता सहाही खोकी जातील.

मावशी : पाच जाऊ दे. सहावं जीपमध्ये ठेव, साहेबांच्या पायाशी. साहेब, पोचल्यावर आधी घड्याळ बघा, मग झाकण उघडा. नांग्या बांधलेल्या आहेत, घाबरू नका. हलतील ते मोजा.

साहेब : मोजीन. लिहूनसुद्धा ठेवीन.

मावशी : आणि ही पिशवी घ्या हाताशी.

साहेब : ही कशाला?

मावशी : सातव्या वळणाला कळेल.

(दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन. खेकड्यांच्या शेडमध्ये मावशींचा फोन वाजतो.)

काटेवाला : मावशी, साहेबांचा! उचला. स्पीकरवर टाका.

मावशी : आज विमान नाही म्हणून तू सकाळपासून इथंच माझं डोकं खातोयस. हॅलो. काल रात्री साडेदहाला फोन करणार होता ना, साहेब?

साहेब : मावशी, मी आज सकाळी साडेआठला पोचलो.

मावशी : वीस तास. म्हणजे मीच चुकले, मी अठरा म्हणाले होते.

साहेब : पुलाच्या अलीकडे रस्ताच नव्हता. नकाशात होता. तिथं पाच तास. पंक्चर दोन. तुमची लेक अकरा तास एक शब्द बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "उतरा, ढकला." ढकलली. मी चिखलात बसलो, तर वरून म्हणते, "तिथं बसू नका, ढकला."

मावशी : आणि पिशवी?

साहेब : तिसऱ्या वळणालाच लागली.

काटेवाला : साहेब, मीटिंगचं काय झालं? माझ्या सासऱ्यांनी आत्ताच निरोप पाठवलाय, विमान बंद झालं तर माझ्या दुकानात बसायला ये म्हणून.

साहेब : घरी जायला वेळच नव्हता. मी तसाच गेलो. चिखलाची पँट, हातात खोकं. शिपायानं मला अडवलं, मीटिंगला पार्सल चालत नाही म्हणाला. अध्यक्षांनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, परिशिष्ट.

मावशी : काय म्हणालात?

साहेब : परिशिष्ट. आणि झाकण उघडलं. चाळीसपैकी तेरा हलत होते. वास मात्र चाळीसच्या चाळीस खेकड्यांचा येत होता. एकाच्या नांगीची दोरी सैल झाली होती, त्यानं अध्यक्षांचं पेन धरलं. सोडेचना. त्याच पेनानं ते बंदच्या आदेशावर सही करणार होते.

काटेवाला : मग?

साहेब : मग मी पान तीन उघडलं आणि म्हणालो, यातला नऊचा आकडा चुकीचा आहे. प्रवाशांचा आकडा अपुरा आहे. आणि हे मीच लिहिलेलं आहे. तेवीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. खिडक्या उघडल्या तरी कुणाला बसवत नव्हतं, त्यामुळे चर्चा आटोपशीर झाली. शिफारस मागे. वर्षभर विमान चालू राहील. मालाची वेगळी नोंद होईल. रोजची फेरी मागितली होती मी, ती नाही मिळाली. आठवड्याला चार म्हणाले.

काटेवाला : चार! मावशी, चार! मी बायकोला सांगून येतो!

मावशी : जा जा. दार लावून घे, बर्फ वितळतोय. गेला. साहेब, तुमच्यावर काही येणार नाही ना?

साहेब : खुलासा मागवलाय. शासकीय दालनात जलचर आणल्याबद्दल. देईन. मावशी, ते तेरा मी समुद्रावर जाऊन सोडून आलो. तुमचं नुकसान झालं, पण मला ते हॉटेलात द्यावेसे वाटेनात. एवढा प्रवास बरोबर केला आम्ही.

मावशी : अहो, शहराच्या त्या गटारी पाण्यात सोडलेत? आमच्याकडचे खेकडे आहेत ते. नावं ठेवतील तुम्हाला.

साहेब : ठेवू देत. बरं, तुमचा फॉर्म अर्धा राहिलाय. पन्नासावा. आता जोडायचाच म्हटल्यावर नीट पुरा करू. शेवटचा प्रश्न आहे : 'सामाजिक लाभ, एका वाक्यात.' सांगा, मी लिहून घेतो.

मावशी : नंतर सांगते. आत्ता फोन ठेवा.

साहेब : का? माझं काही चुकलं का?

मावशी : नाही हो. सकाळी नऊला जीप घेऊन निघाली लेक तिकडून. घाट उतरली की फोन करते. लाइन मोकळी पाहिजे.